तिच्या नावानं सुचवलेल्या मालिका

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. माझ्या बायकोला, सुनंदाला, ते ठाऊक आहे — पण तिलाही मी सांगितलेलं नाही. तिनं ते माझ्या तोंडावरून ओळखलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही.

बेळगावच्या वडगावात आमचे दोन माग आहेत, साड्यांचे. मी माग चालवतो, सुनंदा बाण्याच्या सुताच्या कांड्या भरते. मागाच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून मोबाइलवर जे काही बघायचं ते मी खालची अक्षरं वाचून बघायचो. एक दिवस अशीच एक कोरियन मालिका लागली. नूडल्सचं दुकान चालवणारी बाई आणि तिच्याशी न बोलणारा तिचा लेक. खाली हिंदी अक्षरं. बघत राहिलो, आणि साडीत हातभर धागा सुटला ते कळलंच नाही. मग चिनी, थाई, जपानी. पन्नाशीचा माणूस मी, मिशा राखलेला, गणेश मंडळात मान असलेला — आणि मागापाशी उभा राहून रडायचो. कुणाला दिसतंय? घाम पुसल्यासारखं पुसायचं.

इथवर गुन्हा काय? काहीच नाही.

पण चांगलं काही बघितलं की दुसऱ्याला सांगावंसं वाटतं हो. पुरुषांत कुणाला सांगू? सुनंदा गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर होती. तिच्या फोनवरून, तिच्या नावानं मी लिहायला लागलो. ‘नूडल्सवाली आवडली असेल तर आता छत्रीवाली बघा. पहिले दोन भाग रटाळ आहेत, सोडू नका. सासू शेवटी सुधारते. मधे एकदा टॉवेल लागेल, जवळ ठेवा.’ मालिकांची खरी नावं कुणाच्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून ही अशी — छत्रीवाली, दोन बहिणींची, राजवाड्यातली. कुणाला काय सोसेल तेही मी बघायचो. जिचा नवरा नुकताच गेला तिला दवाखान्याची सुचवायची नाही, एवढी अक्कल होती. बायका सुनंदाला रस्त्यात अडवायच्या, आक्का, आता काय बघू? ती म्हणायची, संध्याकाळी कळवते. घरी येऊन हसायची. ‘सुचवा तुम्ही, मान मला मिळू दे.’

चहाच्या गाड्यावर पोरं मला म्हणायची, ‘अण्णा, वहिनी कोरियन झाल्यात म्हणं. उद्या भाकरीसंगं काड्या वाढतील, जपून ऱ्हावा!’

सगळ्यांत मोठ्यानं कोण हसायचं? मी.

फिरून फिरून मी इथंच थांबतोय. पुढं जायला हवं.

चार घरं पलीकडं सुमनआक्का राहते. ती आणि सुनंदा मागंपुढं लग्न होऊन या गल्लीत आल्या, दुपारी दोघी मिळून कांड्या भरायला बसायच्या. सुमनआक्काच्या लेकीला, रूपाला, निपाणीचं स्थळ आलं होतं, तंबाखूच्या वखारवाल्यांचं. त्या दिवसांत रूपाचा सुनंदाच्या फोनवर मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, वेगळा. ‘काकू, मुलगी लग्नाला नाही म्हणते आणि तरी आईवडील तिला टाकत नाहीत, अशी कुठली आहे का?’

अशी मालिका कुणी उगाच मागतं का? मला कळलं होतं. तो फोन तेव्हाच सुनंदाच्या हातात द्यायला हवा होता. नाही दिला. इतकं मन लावून मी कुणासाठीच काही शोधलं नव्हतं. शेवटी एक थाई मालिका सापडली. लिहिलं, ‘ही बघ. शेवटपर्यंत बघ.’ आणि सुनंदाला पत्ता लागू दिला नाही.

बोलणी करायच्या दिवशी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे खाली ठेवून रूपा म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. पाहुणे उठून गेले. सुमनआक्का लेकीचा फोन घेऊन थेट आमच्या दारात.

‘तुला पोर न्हाय म्हणून माझी बिघडवलीस व्हय गं?’

आम्हाला मूल नाही. गल्लीत ते कुणी कधी तोंडावर बोललं नव्हतं.

सुनंदानं फोन घेतला, वाचलं. माझ्याकडं बघितलं — एकदाच. आणि म्हणाली, ‘व्हय आक्का. मीच पाठवलं.’

सुमनआक्का माझ्याकडं वळली. ‘अण्णा, तुम्ही शाणं माणूस. समजवा की हिला जरा.’

आणि मी म्हणालो, ‘सांगतो हिला.’

गप्प राहिलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. मी गप्पही राहिलो नाही. काय सांगणार होतो तिला? कशाला भ्यालो? चहाच्या गाड्यावरच्या हसण्याला? की लग्नाच्या पोरीशी हा माणूस बायकोच्या नावानं बोलतो, असं लोक म्हणतील याला? दोन्हीला. आत जाऊन मी माग सुरू केला.

तीन वर्षं झाली. सुनंदाला ग्रुपमधून काढलं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. ती एकटीच कांड्या भरते. त्या दिवसाबद्दल तिनं मला एका शब्दानं विचारलेलं नाही. आणि मी? मी मालिका बघणं सोडलं नाही, हेही सांगून टाकतो.

रूपा आता नोकरीला जाते. येता-जाता सुनंदाकडं बघून हसते, तिच्याही मनात ती मालिका सुचवणारी काकूच. तिचं लग्न ठरलंय, तिच्या पसंतीनं, सांबऱ्याच्या मुलाशी. परवा सुमनआक्का अक्षता घेऊन आली. आमच्याकडं घरच्या बाईला कुंकू लावल्याशिवाय लग्नाचं आमंत्रण पुरं होत नाही. सुनंदा आत भाकरी थापत होती, आवाज बाहेर येत होता. सुमनआक्कानं अक्षता माझ्या हातावर ठेवल्या, ‘अण्णा, तुम्ही तेवढं या,’ म्हणाली आणि वळली. कुंकवाचा करंडा तिच्या हातात तसाच. मी काय म्हणालो? बरं म्हणालो.

सुनंदानं ऐकलं होतं. ‘जावा तुम्ही,’ म्हणाली. ‘रूपाला साडी मी काढून ठेवते. हिरवी शोभंल तिला.’

तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाही. माग बंद करतो, पुन्हा चालू करतो. दूध आणायच्या निमित्तानं त्या दारापर्यंत जातो आणि वळतो. काल तर सुमनआक्कानंच विचारलं, काय अण्णा, काही हवं होतं? न्हाय, म्हणालो.

लग्न रविवारी आहे.

सुमनआक्काच्या दारात, सुनंदाला शेजारी उभं करून, मला एवढंच म्हणायचं आहे — तो मेसेज मी पाठवला होता, हिनं नव्हे. हे मी दोघींचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.