चारशे सतरा बाहेर आहे

मला प्रस्तावना आवडत नाहीत. एक असली तर मी ती उलटून पुढे जातो, दोन असल्या तर लेखकाचा संशय येतो आणि तीन असल्या तर पुस्तक परत कपाटात. ज्याला स्वतःच्या दारात तीन भालदार उभे करावे लागतात त्याच्या घरात काय असणार, ते मला बाहेरूनच कळतं. पाठच्या कव्हरवर हनुवटीला हात लावून बसलेला लेखकही मला चालत नाही. पहिल्या दहा पानांत कोणी रडायला लागलं की माझं त्या कादंबरीशी जमत नाही. आणि मे महिन्यात आठ दिवस आमच्याकडे येऊन, मासे खाऊन, परत जाऊन जे लोक कोकणावर लिहितात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्या पुस्तकांत समुद्र बारा महिने गाजत असतो आणि म्हातारी माणसं शहाणपणाचं बोलत असतात. मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. आमच्याकडची म्हातारी माणसं नळाच्या पाण्यावरून भांडतात.

अठ्ठ्याण्णव साली गावच्या वाचनालयाचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि वाईट पुस्तकांहूनही वाईट असतात ती वाचणारी माणसं, हे मला कळलं. दिवसा मी ओरोसला एका कचेरीत कारकून. संध्याकाळच्या बसने गावात उतरायचं, घरी न जाता वाचनालयाचं कुलूप काढायचं आणि दोन तास या मंडळींना सोसायचं. एक जण बोटाला थुंकी लावून पानं उलटायचा. एक निवृत्त मास्तर लाल शाईने लेखकाच्या चुका दुरुस्त करायचे आणि शेवटच्या पानावर दहापैकी मार्क द्यायचे. एकीच्या घरून आलेल्या पुस्तकावरचे डाग बघून त्या आठवड्यात तिच्याकडे काय शिजलं ते मी सांगू शकलो असतो. 'पुस्तक हातात घेतलं की मी खाली ठेवतच नाही' असं सांगणारे ते दोन-दोन महिने टीव्हीवर ठेवायचे. पानाचा कोपरा दुमडणाऱ्यांविषयी माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

वाचनालयात शुद्ध मराठीत आणि हळू बोलायचं, असा नियम मी केला होता. मालवणी बोली चपलांबरोबर पायरीवर ठेवायची. तू कोण नियम करणारा, असं मला कोणी विचारलं नाही, कारण ती किल्ली दुसऱ्या कोणालाच नको होती.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त चीड आली ती एका बाईची, आणि ती तर पुस्तकं स्वच्छ ठेवायची. नव्व्याण्णवमध्ये लग्न होऊन गावात आली. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने बाहेर. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "एक नंबरचं पुस्तक कुठलं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"दाखल अंक एक. तिथून सुरू करते."

आणि खरंच तिने तिथून सुरू केलं. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक पडतो, आलं त्या क्रमाने. त्याला ना विषय, ना दर्जा. ही बाई एक झालं की दोन, दोन झालं की तीन. भाताच्या रोगांवरचं पुस्तक वाचलं, मग एक रडकी कादंबरी वाचली, मग योगासनं, मग कोणा पुढाऱ्याचं गौरवपर चरित्र वाचलं, तेही प्रस्तावनांसकट. आठवड्याला दोन-तीन. नाव कधी घेत नसे. "एकशे अठ्ठावीस झालं, एकशे एकोणतीस द्या." मी एकदा तिला चांगली पुस्तकं काढून देऊ का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "नको, ओळीने बरं. चुकत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवड नाही, नावड नाही, समोर येईल ते गिळायचं. याला वाचणं म्हणायचं तर दळणाच्या गिरणीलाही खवय्या म्हणावं लागेल.

आता चारशे सतरा. त्या पुस्तकाचं नाव मी इथेही लिहिणार नाही, इतका मी त्या बाबतीत कंजूष आहे. एका सरकारी गोदामावर रखवाली करणाऱ्या माणसाची एकशे साठ पानांची कादंबरी. लेखकाने दुसरं काही लिहिलं नाही, पुस्तक परत छापलं गेलं नाही. त्यात शेवटपर्यंत कोणी रडत नाही. मला ते एका पावसाळ्यात कपाटात सापडलं आणि वाचून झाल्यावर मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. त्याच दिवशी ठरवलं की हे पुस्तक थुंकीच्या बोटाला, हळदीच्या हाताला आणि लाल शाईला मिळता कामा नये. ते माझ्या पिशवीत गेलं. रोज बसमध्ये मी त्याची चार पानं वाचायचो आणि खूण म्हणून त्या दिवसाचं तिकीट आत ठेवायचो.

कागदावर मात्र ते कोणाच्या तरी नावावर हवं होतं. त्याचीही सोय होती. अनुदान टिकवायचं तर तपासणीच्या वेळी सभासद पुरेसे दिसायला हवेत आणि त्यांनी पुस्तकं नेलेली दिसायला हवीत. आमच्या वाचनालयात दोन्हींची वानवा. म्हणून तपासणीआधी एका रविवारी बसून मी देवघेवीची नोंदवही भरायचो. कोणी काय वाचलं ते मीच ठरवायचो, आणि वर्षातला तेवढाच एक रविवार मला खरी मजा यायची. अखंड बडबडणाऱ्या एका पुढाऱ्याच्या नावावर मी मौनाचं महत्त्व सांगणारं पुस्तक तीनदा चढवलं. दारू गाळणाऱ्याला निसर्गोपचार दिला. आणि चारशे सतरा दर वर्षी एकाच नावावर घातलं. बाजारात मासे विकणाऱ्या एका काकीच्या.

काकी साठीची, निरक्षर. सभासद वाढवायचे होते तेव्हा मी बाजारात तिच्यासमोर फॉर्म धरला होता. "कसलो रे ह्यो कागद?" तिने विचारलं. वाचनालयाचा म्हटल्यावर पदराला हात पुसून तिने अंगठा दिला. ती कधी वाचनालयाची पायरी चढणार नव्हती. पुस्तक लपवायला तिच्या नावाइतकी सुरक्षित जागा मला जिल्ह्यात दुसरी दिसली नाही, आणि या हुशारीबद्दल मी स्वतःवर खूशही होतो.

दोन हजार दोनमध्ये ती ओळीने वाचणारी बाई चारशे सोळापर्यंत पोचली. मी म्हटलं, "चारशे सतरा बाहेर आहे." ती चारशे अठरा घेऊन गेली. पण पुढच्या महिन्यात तिने विचारलं, "चारशे सतरा आलं का?" आणि मग दर महिन्याला. सहाशे झाले, हजार झाले, ती विचारतच राहिली. मी तेच सांगत राहिलो. एवढी सुंदर कादंबरी, आणि ही तिला आकड्याने हाक मारते, या विचाराने मला आणखी जोर यायचा. सात वर्षं मी तिला तोंडावर खोटं सांगितलं आणि एकदाही मला वाईट वाटलं नाही.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वाऱ्याने खिडकी आपटायला लागली. मी ती लावायला उठलो. नोंदवही टेबलावर उघडी होती. परत येऊन बसलो तर ती बाई तिचं पुस्तक उचलून निघाली होती. त्या दिवशी तिने चारशे सतराचं विचारलं नाही, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर काकीला म्हणाली, "मावशी, तुमच्याकडचा पुस्तक वाचून झाला काय? माका होया होता." तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. नोंदवहीत लिहिलंय म्हणजे खरंच असणार, एवढंच. बाजार हसला. शेजारच्या बायकांनी काकीला मास्तरीण म्हणून हाका मारल्या. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी ओरोसला टेबलाशी बसून जेवणाच्या सुट्टीत रखवालदाराची गोष्ट वाचत होतो.

तीन दिवसांनी संध्याकाळी काकी वाचनालयाच्या पायरीशी आली. डोक्यावरची माशांची पाटी खाली ठेवली, पण आत आली नाही. पाय ओले होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"झिला," ती म्हणाली, "पुस्तक काय गावूक नाय रे."

मी म्हटलं, "खंयचा पुस्तक?" माझ्याच नियमाविरुद्ध मी मालवणीत बोललो.

"माझ्या नावार आसा ता. सगळा घर हुडाकलंय. माळो हुडाकलंय, तांदळाचो पिपो उपडो केलंय. सुनेक लय बोललंय. तीच चुलीत घालता कागद, तिनाच घातल्यान आसतला. दोन दिस रडता ती, जेवाक नाय." मग तिने वर्तमानपत्र सोडलं. आत शाळेचं एक पुस्तक होतं, तपकिरी कव्हर घातलेलं, वर नाव लिहिलेलं. "ह्या नातीचा. गेल्या वर्षाचा आसा, ती पास झाली. एक पान फाटूक नाय. ता रवांदे, ह्या ठेव. माझ्या नावार काय रवाक नको."

पिशवी माझ्या खुर्चीला अडकवलेली होती. चारशे सतरा त्यात होतं, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. आयुष्यात मी इतक्या पुस्तकांना आणि इतक्या माणसांना नाकं मुरडली, पण त्या क्षणी माझी स्वतःची मला जी किळस आली तशी कोणाची आलेली नाही. आता बोलायचं, असं मनात म्हटलं. आणि बोललो ते हे.

"काकी, ता गावला. हयच होता, कपाटाच्या फाटी पडला होता. तुझ्यावर काय नाय आता."

तिने दोन्ही हात जोडले. मला नव्हे, भिंतीवरच्या सरस्वतीच्या तसबिरीला. मग नातीचं पुस्तक नीट गुंडाळून, पाटी डोक्यावर घेऊन, सुनेला सांगायला म्हणून लगबगीने गेली.

त्या रात्री घरी मी पुस्तकातली तिकिटं झाडून काढली. दुसऱ्या दिवशी ती ओळीने वाचणारी आली तेव्हा तिने विचारायच्या आत मी चारशे सतरा तिच्यापुढे ठेवलं. पुढचे चार दिवस माझा जीव खालीवर होत होता. लाज होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी एक क्षुद्र उत्सुकता होती. तिला ते कसं वाटतंय? माझ्यासारखीच तीही शेवटच्या पानावर दहा मिनिटं बसून राहिली असेल का? अकरा वर्षांत कोणाच्या मताची मी अशी वाट पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी ती आली. "चारशे सतरा झालं."

"कसं वाटलं?"

तिने थोडा विचार केला. "बरं आहे. सहाशे तीससारखंच आहे. पण सहाशे तीस जास्त बरं."

सहाशे तीस मी ओळखतो. कव्हरवर होडीत बसलेली बाई आणि आत दोन प्रस्तावना. मी ते अजून वाचलेलं नाही.

मग तिने पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत तिकिटं होती, नऊ-दहा. शिलाईच्या घडीत अडकून राहिलेली, झाडून न पडलेली. नवीन मशीनची तिकिटं ती, तारीख आणि गाव छापलेली. जुन्यांवरची शाई उडाली होती, पण वरच्या दोन-तीनांवर ओरोस स्वच्छ वाचता येत होतं. आमच्या गावातून रोज ओरोसला जाणारा मी एकटाच. ती त्या जागेत पहिल्यांदाच मालवणीत बोलली. "मावशेक मी काय सांगूक नाय. तुमीच सांगा." आणि पुढचा अंक घेऊन निघून गेली.

मी सांगायला गेलो. दुसऱ्याच रविवारी, बाजारात. काकीने मला लांबून बघितलं आणि शेजारणींना मोठ्याने म्हणाली, "ह्यो बघा, ह्येनाच माझा नाव सोडवल्यान. दुसऱ्यान माकाच चोर ठरवल्यान आसता." माझ्या पिशवीत माशांचा एक वाटा टाकला आणि वर दोन बांगडे जास्त घातले. मी नको म्हटलं तर रागावली. मी ते घरी आणले, आणि जेवलो.

दहा साली मी वाचनालयाची किल्ली दुसऱ्याला दिली. काकी अजून बाजारात बसते, अजून दोन बांगडे वर घालते, आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही. इथे लिहितो आहे, कारण तिला वाचता येत नाही. माझी हिंमत ही एवढीच.

पण हे छापून पुस्तक झालं तर आमच्या वाचनालयात येईल. त्यावर शिक्का बसेल, दाखल अंक पडेल. ती बाई आता सोळाशेच्या आसपास आहे, आणि ती एकही अंक गाळत नाही.