हँडल आणि अंगठा

वडिलांनी जाताना तात्यापारा मोहल्ल्यातलं घर मला दिलं आणि फौजेची जुनी लॉरी धाकट्या बहिणीला. लोक म्हणाले, पोराचं भलं झालं. मी मात्र तेव्हापासून जळतो आहे. साठी उलटली तरी जळतो आहे.

ही लॉरी मोठ्या लढाईनंतर फौजेनं लिलावात काढलेली. वडिलांनी ती तिसऱ्या मालकाकडून घेतली, तेव्हा दारावरच्या रंगाखाली पलटणीचा नंबर अजून दिसायचा. लांब नाक, पुढे दोरखंड अडकवायचे दोन जाड आकडे आणि इंजिनाचा जोर चारही चाकांना. चिखलात रुतलेले दुसऱ्यांचे ट्रक तीच ओढून काढायची. एरवी राइस मिलचं धान, जंगलातले सागाचे ओंडके, उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या. पाऱ्यातला गणपतीसुद्धा तिच्यावरूनच तलावाला जायचा. पेट्रोल ढसाढसा प्यायची, तरी वडील तिच्यावर कधी चिडले नाहीत. माझ्यावर रोज चिडायचे.

बॅटरीत दम नसायचा, म्हणून लॉरी हँडल मारूनच सुरू करावी लागे. नाकाखालच्या भोकात लोखंडी हँडल घालायचं आणि झटक्यात वर ओढायचं. दसऱ्याची पूजा झाली की पहिल्याच हँडलात ती सुरू व्हायला हवी, अशी आमच्या घरची रीत. जो सुरू करेल त्याला नारळाचा पहिला तुकडा.

मी वर्गात पहिला यायचो. "तू अभ्यास कर, हात काळे नको करू," असं वडील मला सांगायचे. बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अंगानं दणकट, अभ्यासात यथातथा. ती त्यांच्या मागे मागे आमच्या भनपुरीच्या गॅरेजात जायची. एका दसऱ्याला त्यांनी हँडल तिच्या हातात दिलं आणि तिची बोटं एकेक करून बसवली. पहिल्याच झटक्यात लॉरी धडधडली. वडिलांनी हसत नारळाचा तुकडा तिला भरवला. माझं प्रगतिपुस्तक पाहताना ते असे कधी हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला बसले असताना मी दारापुढच्या लॉरीपाशी गेलो आणि हँडल उचललं. बहीण धावत आली.

"दादा, अंगठा बोटांच्या बाजूनंच ठेव! आवळू नको! हँडल उलटं मारते!"

आता हिच्याकडून शिकायचं? मी मुद्दाम अंगठा आवळून मूठ घट्ट केली. इंजिनानं उलटा झटका दिला आणि माझं मनगट मोडलं.

वडील खरकट्या हातानं बाहेर आले. "काहून रे, अंगठ्याचं हिनं तुले सांगतलं नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

बहीण समोरच उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षभर तिला लॉरीला हात लावायची बंदी झाली. पुढच्या दसऱ्याला हँडल वडिलांनीच मारलं आणि ती पायरीवर बसून पाहत राहिली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मी पुढे साहेब झालो. ती गॅरेज सांभाळू लागली आणि तिनं लॉरी जिवंत ठेवली. आजही सदर बाजारात ओळखीचे लोक मला थांबवून विचारतात, "ती लॉरी तुमच्या बहिणीचीच ना?" माझ्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

यंदा दसऱ्याला ती म्हणाली, "दादा, माहे गुडघे लई दुखून राहिले. हँडल तूच मार."

गॅरेजातली सगळी माणसं बघत होती. मी छाती पुढे काढून हँडल धरलं. ती जवळ आली. माझा अंगठा तिनं चिमटीत धरला आणि बोटांच्या बाजूला आणून बसवला, वडिलांनी तिचा बसवला होता तसा.

"या वेळी तरी आयक," ती माझ्यापुरतं म्हणाली.

मला वर बघवेना. "तेव्हा बाबांना खरं काहून नाही सांगतलं?"

"तुहा हात मोडला होता न, दादा. वरून अजून मार कायले?"

मी हँडल ओढलं. लॉरी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बहिणीनं नारळाचा पहिला तुकडा मला भरवला. इतकी वर्षं मी त्या तुकड्यासाठी जळलो होतो. तो चघळताना मला तिचा जितका हेवा वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता.