सात वीसचा लाल दिवा

मी स्वतः लाल दिवा न पाळणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पस्तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. सायकल म्हणजे काही मालगाडी नव्हे. इकडे बघावं, तिकडे बघावं, कुणी येत नसेल तर निघावं. ग्रोनिंगेनमधलं निम्मं गाव असंच करतं आणि उरलेलं निम्मं रेघेवर उभं राहून आमच्या पाठीला शिव्या घालतं. वुब्बिना त्या उरलेल्या निम्म्यातली. शिव्या मात्र तिने कधी घातल्या नाहीत. ती नुसती बघायची, आणि ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

माझं दुकान चौकाच्या उजव्या कोपऱ्यावर आहे. दाराशी स्टूल टाकून पंक्चर काढायला बसलं की दोन्ही रस्ते दिसतात, सरळ इस्पितळाकडे जाणारा आणि उजवीकडे बागेकडे वळणारा. वुब्बिना इस्पितळात चादरी-अभ्र्यांच्या कोठीत कामाला होती. रोज सकाळी सात वीसला ती चौकात यायची. काळी जुनी सायकल, पुढे लाकडी खोकं, डोक्याला रुमाल. आमच्या चौकात चारही बाजूंच्या सायकलींना एकदम हिरवा मिळतो, त्यामुळे तो मिळेपर्यंत चांगलं मिनिटभर ताटकळावं लागतं. ती उजवा पाय कडेच्या दगडावर टेकवून उभी राहायची. रस्ता ओस असला तरी, बर्फ पडत असला तरी.

"वुब्बिना, अगं कुत्रंसुद्धा नाहीये रस्त्यावर!" मी ओरडायचो.

"दिवा आहे ना," ती म्हणायची.

तिचे वडील कालव्यावरच्या पुलाचे राखणदार होते. बोट आली की लाल दिवा लावायचा, आडवी दांडी खाली घ्यायची आणि पूल उचलायचा, हे त्यांचं काम. घाईची माणसं दांडीखालून सायकल तिरकी करून सटकायची. "बाबा म्हणायचे," तिने मला एकदा सांगितलं, "थांबतात त्यांचे चेहरे मी ओळखतो. बाकीच्यांच्या नुसत्या पाठी." मी म्हटलं, तुझ्या बाबांना बराच रिकामा वेळ होता म्हणायचा. ती हसली नाही. माझे विनोद तिच्यापर्यंत फारसे पोचलेच नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी त्या रेघेवर दुसरा थांबणारा येऊन उभा राहिला. सिको त्याचं नाव. बागेत माळी होता. उंच, खांद्यात वाकलेला, बायको फार आधी वारलेली. कॅरिअरच्या पिशवीतून कधी खुरप्याचा दांडा डोकवायचा, कधी रोपांची पानं. वुब्बिनाला सरळ जायचं असायचं, त्याला उजवीकडे. विद्यार्थ्यांचे थवे त्यांच्या दोन्ही बाजूंनी सुसाट निघून जायचे आणि ही दोघं ओढ्यातल्या दोन धोंड्यांसारखी जागच्या जागी. पहिले काही महिने नुसतं "मोई", म्हणजे आमच्याकडचा रामराम. मग हळूहळू एकेक वाक्य वाढत गेलं.

"मोई. काल त्या गुलाबांचं म्हणत होतात?"

"कीड नव्हती. नुसती तहान होती त्यांना."

"बघा. मला वाटलंच होतं."

"आणि तुमच्या बहिणीचा गुडघा?"

"चालतेय. कुरकुरते, पण चालतेय."

एवढ्यात हिरवा. ती सरळ, तो उजवीकडे. उरलेलं उद्या.

नऊ वर्षं झाली तरी एकमेकांना "तुम्ही"च. मी तिला चिडवायचो, "अगं, एकदा कॉफीला बोलव की त्याला. एक बिस्किट जास्त लागेल, एवढंच."

"कशाला? रोज भेटतोच की," ती म्हणायची. आणि खोटं नाही, तिला खरंच तसं वाटायचं. आमच्याकडची माणसं अशीच. एखादी गोष्ट चांगली चालली असेल तर तिला हात लावायचा नाही.

आमच्या चौकात पाऊस ओळखणारं यंत्र बसवलंय. पाऊस लागला की सायकलवाल्यांना हिरवा लवकर मिळतो, बिचाऱ्यांनी भिजू नये म्हणून. सगळं गाव त्यावर खूश. एकटी वुब्बिना पावसाच्या सकाळी तोंड पाडून यायची. मी कारण विचारलं तर पटकन बोलून गेली, "अर्ध्या मिनिटात काय होतं, त्यार्क?" मग तिचे कान लाल झाले आणि तिने माझ्याकडे पंप मागितला. चाकात हवा अगदी टणक होती.

मी एकदा गंमत म्हणून हिशेब मांडला. सुट्ट्या, आजारपणं आणि पाऊस वजा जाता नऊ वर्षांत ही दोघं सगळी मिळून दीड दिवसही बोललेली नव्हती. मी आणि माझी बायको आल्त्ये एकतीस वर्षं एका टेबलावर जेवलो. ती गेली, आणि आज आम्ही काय बोलायचो ते आठवायला गेलो तर काही हाताला लागत नाही. मीठ दे, दार लाव, असलंच बहुधा. या दोघांना एकमेकांचं वाक्य न् वाक्य पाठ. मला त्यांचा हेवा वाटायचा. तेव्हा कबूल केला नाही, आज करतो.

आता माझं पाप सांगतो.

गेल्या हिवाळ्यात पोलिसांनी मला त्याच चौकात लाल दिवा तोडताना धरलं. उजवीकडे वळत होतो. कुणाला धक्का नाही, कुणाच्या वाटेत नाही, तरी दंड. माझं डोकं फिरलं. मी नगरपालिकेला अर्ज लिहिला: बऱ्याच चौकांत दिव्याखाली 'उजवीकडे वळणाऱ्या सायकलींना मोकळीक' अशी छोटी पाटी असते, तशी इथेही लावा. अर्जाखाली सह्यांचा कागद जोडला आणि दुकानात येईल त्याच्यासमोर धरला.

सिको ब्रेकची रबरं बदलायला आला तेव्हा त्याच्याही पुढे धरला. त्याने चष्मा लावून सगळा मजकूर वाचला, परत एकदा वाचला. "मुद्दा बरोबर आहे," तो म्हणाला. "वळायला धोका काहीच नाही." आणि सही केली. सरळ माणूस. बरोबर गोष्टीला बरोबर म्हटलं, संपलं.

वुब्बिनाने कागद हातात घेतला, सह्या वरपासून खालपर्यंत पाहिल्या, आणि एका सहीवर तिची नजर थांबली.

"यांनीही केली?"

"का नाही करणार? त्याचं रोजचं मिनिट वाचेल."

तिने कागद टेबलावर ठेवला. तिला चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "ज्यांना जायचंय ते जातातच, त्यार्क. जे थांबतात त्यांना कशाला पिटाळतोस?"

मला वाटलं, बाई नियमाची वेडी आहे. दुसरं काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी पाटी लागली. त्याच्या आधी आठवडाभर सिको एका हंसिणीची गोष्ट सांगत होता. एका पायाने अधू असलेली हंसीण फुलांच्या ताटव्याच्या मधोमध अंडी घालून बसली होती. ताटवा उन्हाळ्याच्या आधी खणायचा होता आणि साहेब म्हणत होते, घरटं उचला. शुक्रवारी सिको म्हणाला होता, "सोमवारी साहेब स्वतः बघायला येणारेत. मी ठरवलंय की..." आणि हिरवा झाला होता.

सोमवारी वुब्बिना पाच मिनिटं आधीच येऊन उभी होती. सिको आला, त्याने पाटी पाहिली, तरी सवयीने पाय दगडावर टेकवला. मागून घंट्यांचा कल्लोळ. "आजोबा, तुम्हाला मोकळं आहे, चला की!" एक मुलगी ओरडली. सिको लाजेने तांबडा झाला. आयुष्यात कधी कुणाची वाट न अडवलेला माणूस. त्याने वुब्बिनाकडे पाहून हात वर केला, "मोई" म्हणाला आणि वळून गेला.

त्यानंतर रोज तेवढंच. लाल दिव्याशी ती उभी, तो शेजारून "मोई" म्हणत जाणार. तीही "मोई" म्हणायची आणि बागेच्या रस्त्याकडे बघत राहायची. हिरवा झालेला तिच्या लक्षात यायचा नाही, मागच्याने घंटी वाजवली की दचकून निघायची. एप्रिल गेला, मे गेला. पाटी कुणामुळे लागली हा विषय तिने माझ्याकडे एकदाही काढला नाही. चेनला तेल घालून घेताना एकदा एवढंच म्हणाली, "अंडी फुटून पिल्लं निघाली असतील आतापर्यंत. म्हणजे, ठेवली असतील तर."

"अगं मग विचार त्याला!"

"चालत्या सायकलीला काय विचारायचं?"

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. सदुसष्ट पूर्ण. सोमवारपासून सात वीसला त्या चौकात यायचं तिला काही कारणच उरणार नव्हतं, आणि सिकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगायला मिनिटभर तरी लागतं.

त्या शुक्रवारी मी मुद्दाम लवकर दुकान उघडलं. वुब्बिना आली. रुमाल नव्हता, केस विंचरलेले. सिको आला, "मोई" म्हणाला, वळला. आणि तिने दगडावरचा पाय उचलला, हँडल फिरवलं आणि त्याच्या मागे उजवीकडे वळली. माझ्या हातातला पाना खाली पडला. वळायची तिला परवानगी होती, पाटी होतीच की वर! मी रस्त्यावर धावलो.

बागेच्या रस्त्यावर दोनशे पावलांवर दुसरा दिवा आहे. सिकोला तो हिरवा मिळाला, तो पार झाला. ती तीन सायकलींइतकी मागे होती. पोचेपर्यंत लाल. आडव्या रस्त्यावर एक मोटार नाही, एक माणूस नाही.

"जा, वुब्बिना, जा!" मी इथून बोंबललो. "जा गं बाई!"

ती थांबली. पाय दगडावर टेकवला. घंटी वाजवली, एकदा, दोनदा, मग वाजवतच राहिली. पलीकडे सिकोने मान वळवून पाहिलं, तिला ओळखलं, हात वर केला. थांबावं की जावं अशी त्याची सायकल जराशी लटपटली, पण मागून पोरांची रांग येत होती. तो पुढे गेला आणि बागेच्या फाटकातून आत दिसेनासा झाला.

ती सायकल हातात धरून परत माझ्याकडे आली.

"लाल होता," ती म्हणाली.

"रस्ता रिकामा होता! तीन महिने झुरतेयस, आणि रिकाम्या रस्त्यावर..."

"मला नाही जमलं, त्यार्क." तिचे डोळे भरले होते. "पाय उचललाच गेला नाही. मला फक्त हंसिणीचं विचारायचं होतं." मग तिने घड्याळ पाहिलं आणि शेवटच्या दिवसाला उशीर नको म्हणून निघून गेली. आमच्या चौकातला दिवा तेव्हाही लाल होता, म्हणजे तिथेही थांबली.

शनिवार-रविवार मी सुध हरपल्यासारखा घरात फिरत होतो. घरी केलेलं मोहरीचं सूप तसंच राहिलं.

सोमवारी सात वीसला सिको आला आणि थांबला. पाटीच्या बरोबर खाली, पाय दगडावर. घंट्या वाजल्या, कुणीतरी "आजोबा!" म्हणालं, तो हलला नाही. हिरवा झाला, तो हलला नाही. परत लाल, परत हिरवा. हिरव्या दिव्याला उभा राहिलेला माणूस मी या गावात पहिल्यांदा पाहिला. तो सारखा मागे वळून वुब्बिनाच्या रस्त्याकडे बघत होता.

मी हात पुसत त्याच्याजवळ गेलो. "ती येणार नाही. शुक्रवारी निवृत्त झाली."

"निवृत्त?" तो म्हणाला. "त्या घंटी वाजवत होत्या. मला वाटलं, आज विचारावं काय म्हणत होत्या." तो दिव्याकडे बघत राहिला. "मी रोज थांबणार होतो. पण मोकळीक दिलेल्या ठिकाणी उगाच वाट अडवायची म्हणजे... आणि त्यांनाही घाई असेल असं वाटलं. त्या काही म्हणाल्या नाहीत."

"तिला हंसिणीचं पुढे काय झालं ते विचारायचं होतं."

त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. तो म्हणाला, "ते मिनिटात सांगण्यासारखं नाही."

"मग घरी जाऊन सांगा. मागे कालव्यालगत सरळ, लाकडी पुलाजवळचं निळं दार. तिथे दिवा नाही."

सिकोने सायकल वळवली. पण हा रस्ता सायकलींना एकेरी आहे, उलटं जायला मनाई आहे. तो खाली उतरला, फुटपाथवर चढला आणि सायकल हातात धरून चालू लागला.

"अहो, बसा की सायकलवर! कुणी बघत नाही!" मी ओरडलो.

"मनाई आहे," तो न वळता म्हणाला, आणि लांब लांब ढांगा टाकत जवळजवळ पळतच निघाला.