नऊची बस

खेड्यातल्या पोरी खेळत नाहीत, हे वाक्य मी चौदा वर्षं स्टाफरूममध्ये छातीठोकपणे म्हणत आलो. समुद्रपूरच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक. शाळा साडेदहाला भरते, पाचला सुटते. सुटल्यावर मी मैदानावर खो-खोचा सराव घ्यायचो आणि मुलींच्या संघात दरवर्षी समुद्रपुरातल्याच, चालत घरी जाणाऱ्या पोरी असायच्या. आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या पोरी पाचची घंटा झाली की दप्तर सावरत स्टँडकडे पळायच्या. त्यांची शेवटची बस सव्वापाचला. हे मला माहीत होतं. तरी माझं म्हणणं तेच, की ज्याला खेळायचंय तो वेळ काढतो. तालुक्याच्या स्पर्धेत आमचा संघ कधी दुसऱ्या फेरीपुढे गेला नाही आणि त्याचा दोष मी मोबाइलला देऊन मोकळा होत असे.

दोन वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हडकुळी, दोन घट्ट वेण्या.

"सर, मले खो-खोत घ्या."

"सरावाले थांबशीन?"

"नाई जमत. बस जाते."

"मंग कसं घेऊ तुले?"

मला वाटलं, विषय संपला. ती जागची हलली नाही.

"सर, पुढच्या वर्षी माही दहावी. घरचे नाई खेळू देणार. याच वर्षी घ्या. सकाळी ठेवा ना सराव. आमची बस नऊलेच येते. फाटक उघडेपर्यंत आमी पंधरा-वीस जणी बाहेर रिकाम्याच बसून राह्यतो."

मला राग आला. एवढीशी पोर मला वेळापत्रक शिकवते! "सरावाची वेळ कोण ठरवते, तू का मी?" मी आवाज चढवला.

"तुमीच ठरवता, सर," ती म्हणाली आणि वर्गात गेली. त्यात उर्मटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून गेल्यावर मी शाळेवर पोचलो. ती खोटी ठरावी, एवढाच हेतू होता. फाटकाला कुलूप. बाहेर कडुनिंबाखाली पोरी बसलेल्या. कुणी गृहपाठ उतरवून घेत होती, कुणी दुसरीची वेणी घालून देत होती. तिघी-चौघी चपला काढून रस्त्याच्या कडेने शर्यत लावत होत्या. माझी गाडी दिसताच सगळ्या उठून उभ्या राहिल्या. आपलं काही चुकलं, असं त्यांना वाटलं असावं. कुलपाच्या आत अख्खं मैदान रिकामं पडलं होतं. मला लाज वाटली. या पोरी रोज दीड तास इथे बसत होत्या आणि त्या वेळी मी घरी पेपर वाचत दुसरा चहा पीत होतो. बसची वेळ बदलायला मी कुठे अर्ज केला असता तर तो वर्षभर फिरत राहिला असता. इथे फक्त मला तासभर लवकर यायचं होतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी तुमची." शिपायाने किल्ली हातावर ठेवत विचारलं, "काऊन सर, घरी करमत नाई का?" सोमवारपासून सव्वानऊला फाटक उघडू लागलं.

पहिल्या आठवड्यातच संघाची यादी मला नव्याने लिहावी लागली. ती हडकुळी पोर हुलकावणी देऊन अशी निसटायची की मागची मुलगी हवेतच हात मारत राही. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. वेळ पाळण्यापलीकडे त्या वर्षी मी फारसं काही केलं, असं प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि एका गुणाने हरलो. पोरी रडल्या. तेवढ्यात ती मुलगी एका तरुण बाईला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. बाईच्या कडेवर मूल होतं.

"सर, ही माही मोठी बहीण. सासरहून आली मॅच पाहाले. मले खो-खो हिनंच शिकवला. माह्यापेक्षा जोरात पळते."

बाई लाजली. मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेऊन तिने मला नमस्कार केला. अशी खेळाडू आपल्या हाती लागली असती तर, असा विचार माझ्या मनात आला आणि त्याच भरात मी कौतुकाने विचारलं, "तू कोणत्या शाळेत होती?"

"तुमच्याच, सर," ती म्हणाली. "पाचवीपासून दहावीपर्यंत."