पगाराच्या राशी

नवरा कमलेश मास्तर वारल्यावर नीताला अनुकंपेवर जव्हारच्या एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. पगार रोख हातात यायचा आणि महिना अर्ध्यावर येईतो संपलेला असायचा. साड्या घेतल्या नाहीत, कुठे गेली-आली नाही, तरी पैसा गेला कुठे म्हणून कुणी विचारलं तर तिला सांगता आलं नसतं.

तिची आई गोजाबाई साखरशेतहून तिच्याकडे राहायला आली. थोडे दिवस लेकीचा संसार गुपचूप बघितला आणि पगाराच्या संध्याकाळी म्हणाली, "नीते, खळ्यावरचा भात असाच घरात ओतशील काय?"

"पगार म्हणजे भात आहे का, आये?"

"मंग काय हाय? झोडून टाकलेला पेंढा?"

साखरशेतला मळणी झाली की दाणा घरात जाण्याआधी खळ्यावरच राशी पडत. बियाण्याची, खायची, मीठ-तेलाला द्यायची, पाहुण्यांची, देवाची. शेवटच्या सूपभर दाण्यालाही काहीतरी नाव मिळे, मगच खळं झाडून रिकामं करत. एकदा तोंडाने नाव घेतलं की पुढच्या पिकापर्यंत ती रास दुसऱ्या कशाला लावायची नाही.

नीताने चटईवर नोटा मांडल्या. खोलीचं भाडं, किराणा, रॉकेल, एसटी. आहेराचे मागच्या महिन्याइतके काढायला गेली तर गोजाबाई म्हणाली, "मागं दिलं म्हणून आताबी तेवढंच? या महिन्यात लगीन कोणाचं हाय ते बघ ना आधी." लग्न कुणाचंच नव्हतं. ते पैसे बियाण्याच्या राशीत गेले. बियाणं म्हणजे लेकीचं, प्रगतीचं डी.एड. पोर अकरावीत होती, मास्तरीण व्हायचं म्हणत होती.

"आणि दुखण्याखुपण्याला?" नीताने थोड्या नोटा वेगळ्या केल्या.

गोजाबाईने तिचा हात धरला. "त्याची रास नाय घालायची. नाव घेतलं की दुखणं घरात येऊन बसतं, आपला वाटा मागाया."

नीता हसली. त्या नोटाही तिने बियाण्यात टाकल्या.

महिने सरळ जाऊ लागले. शेवटच्या आठवड्यातही घरात डाळ असायची. प्रगतीची रास फुगत चालली. गोजाबाई मात्र जेवताना अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवू लागली. "म्हातारपणी किती खायाचं?" म्हणायची. रात्री पोट धरून भिंतीकडे तोंड करून निजायची. नीताला वाटलं, आईला गावाची आठवण येतेय.

प्रगतीची बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात गोजाबाई मोरीत पडली. नाशिकच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ सांगितली. गाठ पसरली होती. सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, म्हणाले.

"कधीपासून दुखत होतं, आये?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"कुठून देणार होतीस? सगळ्याला नावं दिलेली."

"मी मोडली असती ना गं रास."

"पोरीच्या बियाण्याला हात लावला असतास," गोजाबाई म्हणाली आणि पाणी मागितलं.

पावसाळ्याआधीच ती गेली. तिला साखरशेतला नेलं.

जुलैत प्रगतीला डी.एड.ला प्रवेश मिळाला. फीच्या खिडकीपुढे रांग होती. नीताने पैसे मोजून दिले, एक रुपयाही कमी पडला नाही. पावती घेऊन बाहेर आल्यावर प्रगती म्हणाली, "आजी खूश झाली असती."

"हो," नीता म्हणाली.

आईने एकदा जरी सांगितलं असतं, तरी आपण त्याच दिवशी हे पैसे घेऊन नाशिक गाठलं असतं. पोरीचं वर्ष गेलं असतं, कदाचित शिक्षणही. हे नीताला पक्कं ठाऊक होतं. गोजाबाईलाही ठाऊक होतं. म्हणून तर ती भिंतीकडे तोंड करून निजली.