अंगठ्याची धास्ती

ह्यांचा गाऊट, म्हणजे सांध्यांचं दुखणं, सुरू झाला त्या सकाळी त्यांना पायावर चादरसुद्धा सहन होत नव्हती. उजव्या पायाचा अंगठा लालभडक, टम्म सुजलेला. साकीनाक्याच्या कारखान्यात दिवसभर मशीनपाशी उभा राहणारा माणूस पलंगावर पडून कण्हत होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, आम्ही तेव्हा बोरीवलीत राहत होतो. डॉक्टर घरी आले, रक्त तपासून घ्यायला सांगितलं. दोन दिवसांनी रिपोर्ट बघायला पुन्हा आले, तर युरिक ॲसिड भलतंच वाढलेलं निघालं.

"घरात आणखी कोणाला होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडिलांना," हे म्हणाले. "गावी, मनोरीला, शेवटी शेवटी होडीत चढणंही जमायचं नाही त्यांना."

"मग रक्तातच आहे तुमच्या. कलेजी, कोलंबी, सुकट कमी करा. वजन उतरवा, पाणी भरपूर प्या."

डॉक्टरांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "मुलीलाही होईल?"

"एवढ्या लहानपणी सहसा नाही होत. पण तिच्या खाण्यापिण्याकडे आतापासून लक्ष ठेवा."

ते जिना उतरून गेले. मी तिथेच उभी. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. सासूबाई मनोरीहून जे पाठवत त्यावरच वाढलेली. सोड्यांची खिचडी, कोलंबीचं कालवण, आणि रविवारी बापलेक एका ताटात कलेजी खात. आता तिच्या प्रत्येक घासाकडे माझी नजर जाऊ लागली. कोळ्याच्या घरातली पोर, पण मी तिचं मासे-मटण साफ बंद केलं. सुक्या मासळीचा डबा शेजारणीला देऊन टाकला.

मुलगी ताटावरून उठायची. "पाय बाबांचा दुखतो, मग मी का भाजी खायची?"

ह्यांना ते बघवेना. बरे होऊन कामावर जायला लागल्यावर रोज येताना तिच्यासाठी कोल्ड्रिंकची बाटली आणायला लागले. कधी सोबत क्रीमची बिस्किटं. "मासे नाहीत तर नाहीत, एवढं तरी पिऊ दे गं तिला," म्हणायचे. पोरगी खूश. शाळेचा फ्रॉक कमरेत घट्ट व्हायला लागला, पण माझं सगळं लक्ष तिच्या पायांकडे. ती झोपली की मी तिचे अंगठे चाचपून बघायची.

आणि एक दिवस ती शाळेतून लंगडत आली. बूट काढला, मोजा काढला, तर उजवा अंगठा सुजलेला. लाल. अगदी ह्यांचा होता तसाच.

मी रिक्षा केली आणि तिला मांडीवर घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी अंगठा हलवला, ती किंचाळली. "रक्त तपासू या, म्हणजे तुमच्या मनातली शंका जाईल," ते म्हणाले. रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. हे एकदाच म्हणाले, "माझ्यामुळेच झालं ना हे?" मी तिच्या अंगठ्यावरची गार पाण्याची घडी बदलली.

निरोप मिळाला तशा सासूबाई मनोरीहून आल्या, टोपलीत पापलेटं घेऊन.

"आई, तिला मासे बंद आहेत," मी म्हटलं.

"बंद? आमच्यात पोरींना दात आले की मावरं देतात. किती बायांचे अंगठे सुजलेले बघितलेस तू?"

"मामंजींचा बघितला ना."

त्या टोपली ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "ते रोज दारू प्यायचे. ती नाही मोजलीस."

रिपोर्ट आणायला आम्ही तिघी गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला. "युरिक ॲसिड ठीक आहे. नख आत वाढलंय, त्याने सूज आलीय. बूट लहान झालेत तिला." मग त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काय खाते ही?"

मी बंद केलेलं सगळं सांगितलं. कोल्ड्रिंकचं मुलीनेच सांगितलं, अगदी आनंदाने. "रोज!"

"मासे कशाला तोडले? आठवड्यातून दोनदा साधे मासे खाऊ देत. सुकट आणि कलेजी क्वचित. पण ते गोड पाणी थांबवा. घराण्यात दुखणं आणि वर हे वजन, अशा मुलांना पुढे जास्त धोका."

घरी आल्यावर सासूबाईंनी पापलेट तळलं. मुलगी काटे चोखत जेवली आणि मी तिच्यासमोर बसून बघत राहिले. ह्यांनी बाटल्या आणणं सोडलं. संध्याकाळी बापलेक चक्कर मारायला जाऊ लागले. गोड पेयांनीही युरिक ॲसिड वाढतं, हे मी फार नंतर ऐकलं. 

त्या मे महिन्यात सासूबाई तिला मनोरीला न्यायला आल्या. पाठवू की नको, असं करत शेवटी मीच मार्व्याच्या धक्क्यापर्यंत पोहोचवायला गेले. होडी सुटली. मुलगी आजीला टेकून बसली होती, मागे वळूनही बघत नव्हती.

"पाणी पीत जा गं!" मी ओरडले. "आई, सुकट जास्त देऊ नका!"

सासूबाईंनी हात हलवला. ऐकलं की नाही, कोण जाणे.