हरलेल्या डावापाशी

जाम गावच्या चौकात हिंगणघाटच्या बसची वाट पाहताना एक काका भेटले. सत्तरीचे असावेत. मांडीवर चुंबकाचा छोटा बुद्धिबळाचा पट होता आणि वहीत पाहून ते एकेक सोंगटी सरकवत होते. एका ग्रँडमास्टरचा संगणकाशी झालेला डाव होता. ग्रँडमास्टर हरला होता.

मीही थोडंफार खेळतो. मोबाईलवर तोच डाव शोधून मी उत्साहानं म्हणालो, "काका, चूक बत्तिसाव्या चालीत आहे. हे पाहा."

त्यांनी माझ्या मोबाईलवर अलगद हात ठेवला. "सांगू नका भाऊ. त्याले तवा कोणी सांगतलं होतं? त्याले जेवढं दिसून राह्यलं होतं, तेवढंच मले पाह्याचं आहे."

मग कितीतरी वेळ ते पटावर वाकून राहिले. समोरून ट्रक धडधडत जात होते. अखेर एका घोड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"वजीर वाचवाच्या नादात राजाकडे ध्यानच नाई गेलं याचं," घरातल्याच कुणाबद्दल बोलावं तसं ते हळू म्हणाले. "घाबरला होता जी. त्याच्या जागी मीबी हेच केलं असतं."

तेवढ्यात बस आली.

मी हिंगणघाटहून पुढे अल्लीपूरला धाकट्या भावाकडे निघालो होतो. त्याची बायको घर सोडून गेली होती, आणि त्याचं कुठं कुठं चुकलं ते सुनावायचं मी ठरवलं होतं. संध्याकाळी त्याच्याजवळ बसलो आणि एवढंच विचारलं, "तवा तुले काय वाटून राह्यलं होतं रे?"

महिनाभर गप्प असलेला माझा भाऊ बोलू लागला.